‘एजंटशिवाय ब्रिटनचा अर्जच जात नाही’ म्हणे!

दरवर्षी गणपती आटोपले की एक मेसेज फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. यंदा तीन ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप आणि आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा. मथळा ‘मुलांना ब्रिटनमध्ये पदवी करायची आहे? डोळ्यांत तेल घालून वाचा’. खाली सात मुद्दे, आणि सगळ्यात खाली एक मोबाइल नंबर. त्या नंबरात सगळं आलं.

मुद्दे थोडक्यात असे: परदेशी मुलांना यूकॅसवर (ब्रिटनचे पदवीचे अर्ज जिच्यामार्फत जातात ती संस्था) थेट अर्ज करता येत नाही, एजंट लागतोच. घाई नको, बारावीचा निकाल लागू द्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे अर्ज टाका, एक तरी लागेल. एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारा निबंध, प्रत्येक विद्यापीठाला वेगळा लिहा आणि सोबत खेळ, नाच, चित्रकलेची सर्टिफिकेटं जोडा. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली नसेल तर ब्रिटनचं नाव काढू नका. कंडिशनल ऑफर, म्हणजे ‘इतके गुण मिळाले तर प्रवेश’, हा गोड भाषेतला नकार. आणि एमबीबीएस करायचं तर तिकडे नीटची कटकट नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या काही वर्षांत अशा अर्जांसाठी मुलांची शिफारसपत्रं लिहिण्याची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली. पहिलं लिहिताना मलाही काही कळत नव्हतं, म्हणून सगळे नियम वाचून काढावे लागले. तेवढ्याच अधिकारावर हे लिहिते आहे.

पहिला मुद्दा एजंटचा. यूकॅस ही इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम इथली संस्था. ब्रिटनमधल्या जवळजवळ सगळ्या विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांचे अर्ज तिच्यामार्फत जातात. आपल्याकडे अकरावीला केंद्रीय प्रवेश असतो, तशातलाच प्रकार समजा, फक्त इथे गुणांची यादी लागत नाही. प्रत्येक विद्यापीठ आपला निर्णय स्वतः घेतं. तिच्या संकेतस्थळावर कुणीही, कुठल्याही देशातून, फुकट खातं उघडू शकतं. ‘मी शाळेमार्फत नव्हे, स्वतंत्रपणे अर्ज करतो आहे’ असा पर्याय तिथे आहे. एका अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि पाचांचे मिळून शुल्क तीस पौंडांच्या आत असतं. आपल्याकडे एकेका प्रवेश परीक्षेला किती पैसे जातात ते आठवून बघा.

मग एजंट कशासाठी? काही जण खरोखर मदत करतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘आमची सेवा मोफत’ असं पाटीवर लिहिलेलं असतं, तेव्हा पैसे कोण देतं हा प्रश्न घरात कुणीतरी विचारायला हवा. विद्यापीठं देतात. मुलाने प्रवेश घेतला की त्याच्या पहिल्या वर्षाच्या फीतला काही हिस्सा एजंटला कमिशन म्हणून मिळतो. त्यामुळे एजंटच्या यादीत कमिशन देणारी विद्यापीठं असतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एजंट नेमतच नाहीत. ती दोन नावं यादीत नसली तर ‘तुमच्या मुलाला झेपणार नाही’ असं सांगितलं जातं, आणि आपण मान डोलावतो.

त्याहून वाईट म्हणजे अर्ज त्यांच्याच ईमेलवरून, त्यांच्याच पासवर्डने भरला जातो. ऑफर आली की नाही, कुठून आली, कधीपर्यंत उत्तर द्यायचं, हे मुलाला तिसऱ्याच माणसाकडून कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अर्जात तर आडनाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात आणि वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात होतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. भरणाऱ्याने तिथून जसंच्या तसं उचललं, पासपोर्ट उघडून बघितलाच नाही. अर्जावर पासपोर्टवरचंच नाव हवं. हे मुलीने स्वतः भरलं असतं तर चुकलं नसतं, स्वतःचं नाव कुणी चुकवतं का?

दुसरा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो समजूतदारपणाचा सल्ला वाटतो. ‘निकाल लागू द्या.’ आपली सगळी पद्धत निकालावर चालते, म्हणून हे पटकन पटतं. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथली मुलंही निकालाच्या आधीच अर्ज करतात. त्यांचा ए लेव्हलचा, म्हणजे तिकडच्या बारावीचा, निकाल ऑगस्टच्या मध्यात लागतो आणि अर्जाची मुख्य मुदत त्याआधीच्या जानेवारीत असते. म्हणजे आपला मुलगा बारावीच्या प्रिलिमच्या तयारीत असतो तेव्हा. जानेवारीच्या मुदतीआधी आलेल्या सगळ्या अर्जांचा सारखाच विचार करणं विद्यापीठांवर बंधनकारक असतं. नंतर आलेले अर्ज जागा उरल्या असतील तर बघतात. ३० जूननंतरचे अर्ज थेट क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरल्यासुरल्या जागांच्या फेरीत जातात. आपला बारावीचा निकाल मेमध्ये लागतो. तोवर थांबलात तर बऱ्याच चांगल्या अभ्यासक्रमांची दारं बंद झालेली असतात. परदेशी मुलांचे अर्ज काही ठिकाणी उशिरा घेतात हे खरं, पण त्या भरवशावर बसू नये.

निकाल नसेल तर ते बघतात काय? इथे माझ्यासारख्यांचा संबंध येतो. अर्जासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं आणि त्यात प्रत्येक विषयाचे अपेक्षित गुण द्यायचे असतात. नातेवाईक किंवा मित्र हे पत्र देऊ शकत नाही. मूल अर्जात शिक्षकाचा ईमेल देतं, यूकॅस शिक्षकाला दुवा पाठवते, आणि तो थेट तिथे लिहितो. २०२४ च्या प्रवेशांपासून या पत्राचे तीन भाग केले आहेत. पहिला शाळेबद्दल, दुसरा मुलाच्या अडचणींबद्दल, तिसरा मुलाच्या अभ्यासाबद्दल वेगळं काही सांगायचं असेल तर. पहिल्या भागात मी दरवेळी लिहिते की आमच्याकडे अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, मंडळ नाही. कारण मुलांचे अकरावीचे गुण बघून तिकडचा माणूस गोंधळू शकतो. अकरावी आपल्याकडे विश्रांतीचं वर्ष मानतात, हे त्याला कुठून माहीत असणार!

आणि आता खरी अडचण सांगते, जिचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं हल्ली ‘इंटिग्रेटेड’मध्ये असतात. नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर कोचिंग क्लासमध्ये. कॉलेजात कुणी त्याचा चेहरा पाहिलेला नसतो. अशा मुलाचं पत्र लिहायचं कुणी? प्राचार्यांकडे गेलं की ‘सद्वर्तनी व होतकरू’ असा ठरावीक दाखला मिळतो. तिकडच्या विद्यापीठांना त्याचा उपयोग शून्य. म्हणून ज्यांना जायचं आहे त्यांनी अकरावीपासूनच एखाद्या शिक्षकाच्या तासाला बसावं, प्रश्न विचारावेत, त्याला आपलं नाव माहीत असावं. हा सल्ला फार साधा आहे, पण या वर्षी चार मुलं माझ्याकडे आली, त्यांतल्या दोघांना मी ओळखतही नव्हते. त्यांना मी नाही म्हटलं आणि अजून वाईट वाटतं.

अपेक्षित गुणांत उदारपणा करण्याचाही मोह होतो. पालक म्हणतात, ‘मॅडम, पंच्याण्णव टाका ना.’ टाकले, तर ऑफरही तेवढ्याच गुणांच्या अटीवर येऊ शकते. मग मेमध्ये अठ्ठ्याऐंशी आले की सगळे माझ्याकडे बघतात.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे पदवीसाठी अर्ज करता येत नाही. एकच निवडावं लागतं. ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या शिष्यवृत्तीचा अपवाद आहे, पण आपल्या घरात पेटी असते. आणि या दोन्हींची मुदत जानेवारी नव्हे तर १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या वेळेनुसार संध्याकाळी सहा. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. जानेवारीच्या मुदतीला मात्र साडेअकरा वाजतात, कारण हिवाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं. बऱ्याच विषयांना वेगळ्या प्रवेश परीक्षा असतात आणि त्यांची नोंदणी अर्जाच्या मुदतीआधीच बंद होते. केंब्रिजचा तर स्वतःचा आणखी एक अर्ज भरावा लागतो. हे सगळं गणपती-दसऱ्याच्या दिवसांत येतं, आणि मेसेज सांगतो निकाल लागू द्या.

याच ओघात एक गोष्ट. ‘बारावीनंतर लगेच नाही गेलं तर संधी गेली’ असंही काही जण त्या मेसेजखाली लिहितात. तसा नियम नाही. रँग्लर परांजपे मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन मग केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. जयंत नारळीकरही बनारसची बीएस्सी करून मग केंब्रिजच्या पदवीला बसले. तो काळ वेगळा होता, पण एक वर्ष थांबून, निकाल हातात घेऊन पुढच्या सप्टेंबरसाठी अर्ज करणं आजही चालतं.

एसओपीबद्दल. पदव्युत्तरच्या अर्जांतून हा शब्द पदवीच्या चर्चेत घुसला आहे. यूकॅसमध्ये ‘पर्सनल स्टेटमेंट’ असतं, आणि ते एकच. तेच पाचही विद्यापीठांना जातं. म्हणून त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घेऊन स्तुती केली तर बाकीचे चौघे तीही वाचणार. पूर्वी तो चार हजार अक्षरांचा एकसंध निबंध असायचा. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याजागी तीन प्रश्न आले आहेत: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं, तिन्ही मिळून मोकळ्या जागा धरून चार हजार. अजूनही जुन्या निबंधाचे नमुने पाचशे रुपयांना विकले जातात. नमुन्यातली वाक्यं उचलली तर यूकॅसची यंत्रणा ती आधीच्या अर्जांशी ताडून बघते आणि साम्य सापडलं की विद्यापीठांना कळवते.

सर्टिफिकेटं जोडायला तर यूकॅसच्या अर्जात जागाच नाही. भरतनाट्यमच्या सात परीक्षा झाल्या असतील तर छानच, पण इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्यातून काय कळणार? त्याला हे वाचायचं असतं की घरातला बिघडलेला मिक्सर उघडल्यावर तुला काय दिसलं आणि त्यावरून तू पुढे काय वाचलंस.

आयईएलटीएसचा मुद्दा अर्धा खरा आहे. पदवी अभ्यासक्रमासाठी इंग्रजी पुरेसं आहे की नाही हे बहुतेक विद्यापीठं स्वतः ठरवू शकतात. त्यामुळे काही विद्यापीठं बारावीतले इंग्रजीचे गुण ग्राह्य धरतात. कुणी फक्त सीबीएसई आणि आयएससीचे, कुणी महाराष्ट्र मंडळाचेही, बहुधा जास्त गुणांच्या अटीवर. त्या त्या विद्यापीठाच्या पानावर ‘इंडिया’ शोधून वाचावं लागतं. पदवीच्या आधीचा फाउंडेशन कोर्स असेल तर मात्र व्हिसासाठी मान्य असलेली परीक्षा द्यावीच लागते. परीक्षा दिली तरी अर्जाच्या वेळी निकाल हातात असण्याची सक्ती सहसा नसते, ती ऑफरची एक अट होते.

आता कंडिशनल ऑफर. निकाल न लागलेल्या मुलाला दुसरी कुठली ऑफर मिळणार? अट पूर्ण केली तर विद्यापीठाला जागा द्यावीच लागते. उत्तरं आली की त्यातली एक पहिली पसंती म्हणून आणि दुसरी, जरा कमी गुणांची, राखीव म्हणून ठेवायची. राखीव निवडताना मुलं घमेंडीत पहिलीइतक्याच गुणांची निवडतात आणि राखीवचा अर्थच जातो. तिकडच्या परीक्षांचे निकाल यूकॅसला परस्पर मिळतात, आपल्या मंडळाचे मिळत नाहीत. मेमध्ये गुणपत्रिका आली की ती विद्यापीठाला आपणच पाठवायची, हे लक्षात ठेवा.

एमबीबीएसला नीट लागत नाही, हे ब्रिटनच्या बाजूने खरं आहे. तिथे यूकॅट नावाची परीक्षा लागते, मुदत १५ ऑक्टोबरची आणि पाचांपैकी जास्तीत जास्त चारच जागा वैद्यकीयला देता येतात. पण २०१८ पासूनचा भारताचा नियम असा की परदेशी पदवी घेऊन इथे डॉक्टरकी करायची असेल तर नीट पात्र असायला हवं. तिकडेच राहणार असं सतराव्या वर्षी कोण छातीठोकपणे सांगतं? तेव्हा नीट देऊन ठेवा.

पैशाबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही, नंबर फिरवल्यावर सांगत असावेत. फी विद्यापीठागणिक बदलते. पण व्हिसाच्या वेळी पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या दराने तो लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अडीच हजार पौंडांच्या पुढे जातो. खात्यातली रक्कम सलग २८ दिवस त्या आकड्याच्या खाली गेलेली चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी विसाव्या दिवशी त्यातूनच मोठ्या मुलीच्या लग्नाच्या हॉलचे पैसे भरले गेले, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.