निळूभाऊंच्या नावावर खपवलेला वाडा

13 जुलै जवळ आला की आमच्या निदान तीन ग्रुपांवर एकच पोस्ट फिरायला लागते. निळू फुल्यांचा मिशीवाला फोटो, वर दोन पणत्या आणि खाली साधारण असा मजकूर: 'बाई, वाड्यावर या' या एका संवादानं अमर झालेला नट. आयुष्यभर गावचा पाटीलच रंगवला. शिक्षण नाही, तालीम नाही, जातिवंत रांगडा माणूस. बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, हीच त्यांच्या अभिनयाची पावती. शेवटी हात जोडलेले.

पोस्ट टाकणाऱ्यांचं प्रेम खोटं नाही. निळूभाऊ 2009 साली पुण्यात गेले, आणि अजून लोकांना त्यांची तारीख पाठ आहे. पण या मजकुरातलं एकेक वाक्य धरून बोलायला हवं, कारण हळूहळू हाच मजकूर त्यांचं चरित्र होऊन बसलाय.

आधी तो संवाद. चित्रपट कुठला? पोस्टमध्ये नाव नसतं. विचारलं तर एक जण 'पिंजरा' म्हणतो, दुसरा 'सामना', तिसरा 'अरे, सगळ्यातच आहे की!' म्हणून मोकळा होतो. प्रसंग कोणता, समोरची बाई कोण, पुढे काय होतं, इथवर आलं की गाडी रुतते. मी हे वाक्य ऐकलंय ते नकलाकारांच्या तोंडून: गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात, आणि आता स्टिकरवर. ज्याला ते निळूभाऊंचं म्हणायचंय त्यानं चित्रपट आणि प्रसंग दाखवावा, एवढी साधी मागणी आहे. शिवाय नकलाकार 'बाऽऽई' असं जे ताणून घसा खरवडतात, ती निळूभाऊंची रीतच नव्हे. त्यांचा आवाज खाली असायचा. मान किंचित तिरकी, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि वाक्य संपल्यावर जी एक जागा ते मोकळी सोडायचे, तिथं प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायचा.

आता पाटलाकडे येऊ. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय.

त्यांनी पाटील, सरपंच, सावकार पुष्कळ केले, यात वाद नाही. तो काळ ग्रामीण चित्रपटांचा होता आणि निर्मात्यांना हातखंडा माल हवा असायचा. पण त्यांची ज्यानं ओळख कायमची ठसली तो हिंदुराव धोंडे पाटील आठवून बघा. जब्बार पटेलांचा 'सामना', लेखन विजय तेंडुलकरांचं. 1975 च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत गेलेला चित्रपट. हिंदुरावाच्या नावात पाटील आहे, पण त्याची सत्ता वाड्यातून येत नाही. ती साखर कारखान्यातून येते, सहकारातून येते, मतांच्या गठ्ठ्यातून येते. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात जो नवा बलदंड माणूस तयार झाला, तो पडद्यावर पहिल्यांदा इतका स्पष्ट दिसला. तो अडाणी नाही, आळशी नाही. पाहुणचार करतो, दारूत बुडालेल्या मास्तराला सांभाळून घेतो, विकासाची भाषा बोलतो. आणि तरी गावातला एक माणूस नाहीसा झालेला असतो. या चित्रपटातलं लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य हिंदुरावाचं नाहीच. ते डॉ. लागूंच्या मास्तरांचं आहे: 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तेव्हा हिंदुरावाच्या चेहऱ्यावर काय काय होत जातं, ते बघायचं. निळूभाऊंची खरी करामत समोरच्याचं वाक्य ऐकण्यात आहे.

अशा माणसाला 'वाड्यावर' बसवलं की काय होतं? तो जुन्या जमान्यातला होऊन जातो. फेटा, झोपाळा, संपलेली सरंजामी. आपण हसायला मोकळे, कारण तसले पाटील आता राहिले नाहीत. हिंदुराव मात्र राहिलेत. कुठल्या तालुक्यात, ते ज्याचं त्यानं बघावं.

'आयुष्यभर एकच भूमिका' याला तर उत्तर द्यायचीही गरज पडू नये. 1979 च्या 'सिंहासन'मध्ये त्याच जब्बार पटेलांनी त्यांना दिगू टिपणीस दिला. मंत्रालयाच्या जिन्यांवरून चढणारा-उतरणारा, खांद्याला झोळी लावलेला पत्रकार. सत्तेच्या खुर्चीभोवतीचा सगळा खेळ त्याला कळतो आणि करता काहीच येत नाही. चारपाच वर्षांपूर्वी सत्तेचा चेहरा असलेला नट इथं तिचा हतबल साक्षीदार होतो, आणि एकाही फ्रेममध्ये हिंदुराव आठवत नाही. 'सारांश'मधला गजानन चित्रे शहरी पुढारी, बोलण्याचा बाजच वेगळा. राम नगरकरांबरोबरचा 'हऱ्या नाऱ्या जिंदाबाद' निव्वळ धमाल. आणि रंगभूमीवरचा सखाराम बाइंडर! 1972 साली कमलाकर सारंगांनी बसवलेलं ते नाटक सेन्सॉरशी भांडत कोर्टापर्यंत गेलं. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना आपल्या अटी तोंडावर सांगून घरी आणणारा हा पुस्तकबांधणीवाला. त्याच्यातला रासवटपणा आणि त्याच्यातला विचित्र प्रामाणिकपणा एकाच अंगात वागवायचा होता. ज्यांना निळूभाऊंच्या नावाशी 'बाई' हा शब्द जोडायचाच असेल त्यांनी निदान इथून सुरुवात करावी. मात्र त्याचा स्टिकर होणार नाही.

'शिक्षण नाही, तालीम नाही' यावर फार वेळ घालवत नाही. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळीकाम केलं, हे खरं. पण सिनेमात येण्याआधीची कितीतरी वर्षं राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गेली होती. तिथं त्यांनी वग केले, पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे'मध्ये रोंगे केला, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' गाजवली. अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त, 1968 मध्ये, झेलेअण्णा म्हणून ते पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा पस्तिशी उलटून गेली होती. समोर बसलेल्या गर्दीचा श्वास ओळखून वाक्य टाकायचं, हजरजबाबी सोंगाड्याशी टक्कर घ्यायची, ही तालीम नव्हे तर काय? रांगडेपणा उपजत असतो आणि अभिनय फक्त शहरात शिकवतात, असं मानणारी ही शहरी कौतुकाची तऱ्हा आहे. ती मला शिवीपेक्षा जास्त टोचते.

सेवा दलातून आलेला हा माणूस पुढेही त्याच वाटेनं चालत राहिला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तो होता. कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू, तनुजा यांच्याबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग त्यानं केले. 'सामना'त एकमेकांना भिडलेले ते दोघे गावोगाव झोळी घेऊन फिरत होते. पोस्टमध्ये यातलं अक्षर नाही. त्याच्याऐवजी पणत्या आहेत.

राहिली बोटं मोडण्याची गोष्ट. ही खरी आहे, आणि पोस्टमधली मला आवडणारी एकमेव गोष्ट आहे. पण तिचा अर्थ उलटा लावलाय. बाया शिव्या घालायच्या तेव्हा त्या पडद्यावरच्या बाईच्या बाजूनं उभ्या असायच्या, आणि त्यांना तिथं उभं करणं हे त्या नटाचंच काम होतं. आज ऑफिसच्या ग्रुपवर एखाद्या सहकारी बाईच्या फोटोखाली तो वाड्याचा स्टिकर पडतो आणि दहा जण हसतात, तेव्हा आपण कुणाच्या बाजूला बसलेलो असतो? निळूभाऊंच्या नावानं हे खपवायचं आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणायचं!

माझ्या आत्यानं त्यांचे बरेचसे चित्रपट यात्रेतल्या तंबूत बघितलेत, पुढच्या रांगेत, खाली बसून. त्यांचा कुठला संवाद आठवतो, असं मी तिला मुद्दाम विचारलं. तिनं बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. "संवाद कुठला रं! बोलायच्या आधीच कळायचं मेल्याच्या डोळ्यातनं."