सोलरचं नंतर बघू, आधी कढईतलं तेल बघा

छोट्या खाद्यव्यवसायाला पर्यावरणाचा सल्ला द्यायचा म्हटलं की सगळे कागदी प्लेटा आणि सोलर पॅनेलवर येतात. माझं मत वेगळं आहे. वडापावची गाडी असो की फरसाणाचं दुकान, सुरुवात तळणीच्या तेलापासून करा. पैसा सगळ्यात जास्त तिथंच जळतो.

तेल लवकर काळं पडतं ते मुख्यतः बेसनाच्या चुऱ्यामुळे. तळाशी बसून तो करपत राहतो. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने तो काढा. गिऱ्हाईक चुरा मागतंच. त्याला सोनेरी असतानाचा द्या, तासभर कढईत पडलेला नको. तेलाचं तापमान 175 ते 180 अंशांवर असू द्या. धूर निघतोय म्हणजे तेल मोडायला लागलंय. गर्दी ओसरली की गॅस बारीक करा. मिरच्या पुसून कोरड्या करूनच सोडा आणि त्यांना मीठ लावायचं ते कढईपासून लांब, कारण पाणी आणि मीठ दोन्ही तेलाचं आयुष्य कमी करतात. रात्री तेल कोमट झालं की सुती कापडातून गाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. हे सगळं बिनखर्चाचं आहे, म्हणूनच कुणी सांगत नाही.

तेल चिकट झालं, फेस बसेना, की थांबा. त्यात नवं तेल ओतून जुनं सुधारत नाही, नवंही बिघडतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार 1 जुलै 2018 पासून तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सची (तेल तापून मोडलं की त्यात साठणारे घटक) मर्यादा 25 टक्के आहे. ती ढोबळमानाने तपासायला चाचणीच्या पट्ट्या मिळतात.

बाद तेल गटारात ओतलं तर ते अन्नाचे कण धरून पाइप तुंबवतं. कॅन घेऊन दारात येणाऱ्या कुणालाही विकलं, तर ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाऊ शकतं. ते बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच द्या, पावती घ्या. कॅनमध्ये पाणी जाऊ देऊ नका. बायोडिझेल बनवताना पाण्यामुळे साबण होतो आणि माल नाकारला जातो.

रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदवही ठेवावीच लागते. गाडीवाल्याचं तेल तेवढं नसतं आणि चार-पाच लिटरसाठी गोळा करणारे फिरकत नाहीत. खरी अडचण इथं आहे. एका चौकातल्या आठ-दहा गाड्यांनी मिळून एक झाकणाचं पिंप ठेवावं, उचलण्याचा वार ठरवावा, कोणाचं किती लिटर ते वहीत लिहावं. फेरीवाल्यांच्या संघटनांनी हे काम अंगावर घ्यायलाच हवं, आणि पिंपाला जागा महापालिकेने द्यायला हवी.