स्कारबरोतली पेज आणि जिनिव्हातले मत

दरवर्षी 18 मेच्या सुमारास कॅनडातील स्कारबरोमध्ये माझ्या तमिळ शेजाऱ्यांकडे तांदूळ, पाणी आणि मीठ एवढ्यावरच पेज शिजते. 2009 मध्ये श्रीलंकेचे सैन्य आणि वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी लिट्टे यांच्या युद्धात, श्रीलंकेतील मुळ्ळिवाय्क्कालच्या किनाऱ्यावर अडकलेल्या तमिळ माणसांच्या वाट्याला अखेरच्या दिवसांत जेमतेम एवढेच येत होते. कोकणात वाढलेल्या मला ती चव ओळखीची आहे. अनोळखी वाटते ते गावाकडच्या मित्रांचे म्हणणे, की श्रीलंकेतील तमिळांचे हाल हा तमिळनाडूच्या राजकारणाचा प्रश्न आहे, आणि राजीव गांधींची हत्या करणारी संघटना संपली यात वाईट ते काय झाले?

लिट्टेबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. तिने मुलांना बळजबरीने लढाईत ओढले आणि निसटू पाहणाऱ्या स्वतःच्याच लोकांवर गोळ्या झाडल्या. परंतु एका पक्षाच्या गुन्ह्यामुळे नागरिकांना न मारण्याचे दुसऱ्यावरचे बंधन सुटत नाही, आणि युद्धाचे नियम सांगणाऱ्या ज्या जिनिव्हा करारांच्या तिसऱ्या कलमाने ते घातले आहे, ते करार श्रीलंकेने कित्येक दशकांपूर्वीच स्वीकारले होते. तरीही सरकारनेच जाहीर केलेल्या सुरक्षित क्षेत्रांत आणि रुग्णालयांवर तोफगोळे पडत राहिले. युद्धाच्या या अखेरच्या टप्प्यात 40,000 पर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये नोंदवले.

नियम होते, ते बजावणे मात्र राष्ट्रांच्या मर्जीवर सोडलेले होते. संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी सप्टेंबर 2008 मध्येच, लोक जाऊ नका म्हणून विनवत असताना, लिट्टेच्या ताब्यातील किलिनोच्ची शहर सोडून निघाले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने स्थापले तो रोम करार श्रीलंकेने स्वीकारलेला नसल्यामुळे त्या न्यायालयाची वाट सुरक्षा परिषदेतूनच जात होती, आणि परिषदेने हा विषय आपल्या कार्यसूचीवर घेतलाच नाही.

10 मे 2009 रोजी टोरांटोतील तमिळ बायकामुलांनी गार्डिनर महामार्ग अडवला, तेव्हा वाहतूक खोळंबल्याचा राग मलाही आला होता. ती माणसे त्या क्षणी कोणासाठी आक्रोश करत होती, हे समजून घेण्याची तसदी मी घेतली नाही, याची मला आजही शरम वाटते. कॅनडाच्या संसदेनेही 18 मे हा तमिळ वंशसंहाराचा स्मृतिदिन मानला तो 2022 मध्ये, तेरा वर्षांनी.

युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते, तोच 27 मे 2009 रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने श्रीलंका सरकारची पाठराखण करणारा ठराव 29 विरुद्ध 12 मतांनी संमत केला. त्या 29 मतांत भारताचे मत होते. ते तमिळनाडूचे नव्हते. माझ्या गावाच्या नावानेही ते दिले गेले. पुढे 2012 आणि 2013 मध्ये भारताने श्रीलंकेला जाब विचारणाऱ्या ठरावांना पाठिंबा दिला, पण 2021 आणि 2022 मध्ये तो तटस्थ राहिला. या मतांची कारणे मराठी माणसाने आपल्या खासदाराला विचारायला हवीत. शेजारच्या वहिनींचा भाऊ शेवटच्या दिवशी सैन्याच्या स्वाधीन झाला. त्याचे पुढे काय झाले, हे सांगणारा एक कागदही त्यांना अजून मिळालेला नाही.