हाळ आणि एचएएल

सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ या जुन्या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर नुसती रडारड होती. साहजिक होतं. ग्रुप नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल, म्हणजे मिग बनवणाऱ्या सरकारी विमान कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या पोरांचा, दहावी १९९०. कुणाचे वडील फिटर, कुणाचे इन्स्पेक्शनला, माझे अण्णा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. वर्गात बाईंचा आवाज मिगच्या घरघरीत बुडाला की बाई खडू हातात धरून थांबायच्या आणि आम्ही खिडकीकडे पळायचो.

तर त्या रडारडीत एकाने जुन्या सिनेमाचा तुकडा टाकला. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७७चा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. माळरानावर बसलेली हजारो माणसं पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा गातायत. फ्रेंच शास्त्रज्ञ विचारतो, हे सूर आले कुठून? आणि सगळी गर्दी एकदम हात वर करून आभाळाकडे बोट दाखवते. खाली मित्राने लिहिलं होतं, “आपण असेच बघायचो ना रे मिगकडे?”

इथवर छान होतं. तासाभरात भांडण पेटलं. एक म्हणाला, बघा गोऱ्याने आपल्याला कसं दाखवलंय, त्यांच्याकडे रडार आणि आपल्याकडे भजन. दुसरा म्हणाला, उलट आहे, परग्रहावरून निरोप आला तो आधी आपल्यालाच कळला, विमानविद्या कुणाची? तिसऱ्याने फाळके काढले. सिनेमातली ट्रिक सगळ्यात आधी आमच्या त्र्यंबकच्या माणसाने केली, स्पीलबर्ग कोण लागून गेला! चौथ्याने तर ठणकावलं की हे शूटिंग आपल्या एचएएलच्याच मैदानावर झालं, त्याच्या काकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मला राहवेना. मी राहतो त्या अमेरिकेतल्या, इंडियानातल्या कार्मेलात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी आठला मीटिंग होती, तरी मी बसून पान भरून लिहिलं. शूटिंग एचएएलला नाही, हाळला झालं. खालापूरजवळचं हाळ, तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. सिनेमात त्यालाच धरमशाला म्हटलंय. आता हा अपमान म्हणायचा तर मन्सीच्या लोकांनी काय करावं? सिनेमाचा नायक इथल्या मन्सीचा, माझ्या घरापासून तासाभरावर. ते सिनेमातलं मन्सी अलाबामातल्या मोबील शहरात उभं केलेलं. ह्यांची इंडियाना अलाबामात आणि आपलं हिमाचल रायगडात, हिशेब बरोबर. शिवाय रडारवाल्यांना सिनेमात काय समजतं? इंडियानापोलिसच्या कंट्रोल रूममधली माणसं पडद्यावरचा ठिपका बघत बसतात, वैमानिकांना विचारतात तक्रार नोंदवायची का, आणि सगळे नको म्हणतात. सरळ उत्तर देणारी माणसं अख्ख्या सिनेमात एकच, ती हाळची. शेवटी मी जोडलं की इथे लोक सिनेमाला सिनेमा म्हणून बघतात, प्रत्येक गोष्टीत अस्मिता घुसवत नाहीत.

उत्तर एकाच ओळीचं आलं. “भो, तू तिकडे बसून शिकवू नको.” त्याखाली सात अंगठे.

आता खरं सांगायचं तर ते शेवटचं वाक्य खोटं होतं. इथल्या संसदेत जुलै २०२३मध्ये उडत्या तबकड्यांवर रीतसर सुनावणी झाली. शपथेवर साक्षी झाल्या. ह्यांच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ ‘ब्लू बुक’ नावाने तबकड्यांच्या नोंदी ठेवल्या. एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ अजून ‘अनोळखी’ खात्यात. त्या कामाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक. सिनेमाच्या नावातला ‘तिसरा प्रकार’ त्यांच्याच वर्गवारीतला, आणि शेवटच्या प्रसंगात तो दाढीवाला पाइप घेऊन स्वतः उभाही आहे. विमानविद्येवाल्या मित्राला हसण्याआधी मी हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. परदेशी राहिलं की एक सवय लागते. घरच्यांशी बोलताना इथलं चांगलं आणि तिथलं वाईट पुढे करायचं, आणि इथल्यांशी बोलताना बरोबर उलटं. ऑफिसात मी नाशिकच्या द्राक्षांवर अर्धा तास बोलू शकतो. ग्रुपवर नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकचा विषय निघाला की लगेच आमच्या गावातली दीडशेच्या वर राउंडअबाउट्स काढतो. आमच्या एचओएने, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीने, शेजाऱ्याला कुंपणाच्या रंगावरून तीन पत्रं पाठवली, ते मात्र पोटात ठेवतो.

पण सात अंगठे झोंबले होते. शनिवारी बायकोला म्हटलं, बघूच पूर्ण सिनेमा.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९८६च्या गणपतीत. कॉलनीच्या मंडळाने भाड्याने कलर टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. एका रात्री ठरलेली हिंदी कॅसेट आलीच नाही, तेव्हा कुणा साहेबांच्या मेव्हण्याने आणलेली ही इंग्रजी लावली. पंधरा मिनिटांत निम्मी बायामाणसं आरतीचं ताट आवरून घरी गेली. अण्णाही उठले होते. तेवढ्यात पडद्यावर गावाची लाइट गेली, फोन वाजला आणि एक माणूस ट्रक घेऊन अंधारात निघाला. अण्णा खाली बसले. “अरे, हा तर लाइनमन!” त्यांनी माझ्या आयुष्यात पाहिलेला हा पहिला हिरो, ज्याला त्यांचं काम येत होतं. मग शेवटपर्यंत ते आम्हा पोरांना सिनेमा समजावून सांगत राहिले. इंग्रजी त्यांना मॅन्युअलपुरतं येई, त्यामुळे माणसांचं बोलणं ते अंदाजाने सांगत आणि यंत्रांचं अगदी अचूक. ट्रक रेल्वे फाटकाशी उभा असतो, मागून दिवे येतात, हा हाताने ‘जा पुढे’ करतो आणि ते दिवे पुढे न जाता सरळ वर उचलले जातात. तिथे अण्णा एवढंच म्हणाले, “बॅटरी डाउन झाली, बघ. इन्डक्शन असणार.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुलकर्णी काकूंनी त्या पाच सुरांची ओळ पेटीवर काढून दाखवली. रे, ग, सा, मग मंद्रातला सा, आणि त्यावर मंद्र पंचम. महिनाभर कॉलनीतली सगळी पोरं एकमेकांना त्याच शिट्टीने हाक मारत होती. आणि त्या महिन्यात मी ठरवून टाकलं होतं की बोलावणं आलं तर आपण जायचं. नायक शेवटी तबकडीत बसून जातो तेव्हा मी मांडवात टाळ्या वाजवल्या होत्या.

एकोणचाळीस वर्षांनी सोफ्यावर बसून पाहिला, आणि टाळ्यांची जागा सापडेना. ट्रिक अजून अस्सल आहे. विमानाएवढे दिवे, त्यांच्यामागून डोंगरापेक्षा मोठी ती तबकडी, सगळं हातांनी आणि भिंगांनी केलेलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण लहानपणी मला ज्या गोष्टीवरून नजरच हलवता आली नव्हती, तिच्या शेजारी केवढं काय चाललं होतं! नायकाला डोंगराचा ध्यास लागतो. जेवायच्या टेबलावर तो ताटातल्या कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर करायला लागतो. १९८६मध्ये आम्ही ह्यावर लोळून हसलो होतो. त्या टेबलावर त्याचा मोठा मुलगा बापाकडे बघत गपचूप रडतोय, हे मला आत्ता दिसलं. पुढे हा खिडकीतून घरात माती, विटा, जाळी फेकतो आणि बायको तीन पोरांना गाडीत कोंबून निघून जाते. मग सिनेमा तिला विसरतो. आम्हीही विसरलो होतो.

माझी बायको विसरली नाही. तबकडीचं दार बंद झालं, संगीत वर चढलं, आणि ती म्हणाली, “हप्ते कोण भरणार आता त्या घराचे?”

मी म्हटलं, अगं, सिनेमा आहे.

“म्हणूनच विचारतेय,” ती म्हणाली. “सिनेमात नाही दाखवत ते.”

स्पीलबर्ग स्वतः पुढे बाप झाल्यावर म्हणाला आहे की आता केला असता तर त्या माणसाला घरदार सोडून जाऊ दिलं नसतं. तेव्हा तो तिशीचा होता. मी २००१मध्ये सत्तावीस वर्षांचा होतो. अण्णांना सांगितलं होतं, दोन वर्षांचं प्रोजेक्ट आहे. ते मला सोडायला मुंबईपर्यंत आले होते, आई आली नव्हती. आई गेली तेव्हा मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी.

आणखी एक जागा आहे, ती मी दोनदा मागे घेऊन पाहिली. तबकडीतून सगळ्यात आधी परग्रहवासी उतरत नाहीत, हरवलेली माणसं उतरतात. डिसेंबर १९४५मध्ये फ्लोरिडाजवळ अमेरिकन नौदलाची पाच विमानं चौदा माणसांसह खरोखरच बेपत्ता झाली होती, ते वैमानिक. अंगावर तेच कपडे, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. बघणारा कुणीतरी म्हणतो, आइन्स्टाईन बरोबर होता. लहानपणी मला ह्यात फक्त आइन्स्टाईन दिसला होता.

मागच्या खेपेला लेकीला जुनं क्वार्टर दाखवायला इंदिरानगरहून ओझरला निघालो होतो. मी मागे बसून तिला सांगत होतो, आता द्वारका येईल, मग गोदावरी, पंचवटी. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, द्वारका खाली गेली. आपण वरून आलो.” उड्डाणपूल मला ठाऊक होता, त्यावरून आधीही गेलो होतो. तरी तोंडातून निघतं ते जुनंच. ग्रुपवरच्या त्या सात अंगठ्यांपैकी एकाने मला मागेच सुनावलं होतं की तुझं नाशिक २००१ला बंद पडलंय. तेव्हा मी त्याला नदीच्या प्रदूषणावर एक लांबलचक मेसेज पाठवला होता.

हाळच्या त्या गर्दीचा प्रश्न मात्र मी अजून सोडलेला नाही. अपमान आहे असं मला आजही वाटत नाही, पण ग्रुपवर दिलेलं कारण आता पुरत नाही. तो प्रसंग नीट पाहा. ती माणसं आभाळाकडे बोट दाखवतात आणि सिनेमा त्यांना तिथेच सोडून अमेरिकेला परततो. डोंगरापाशी तबकडी उतरते तेव्हा तिथे शास्त्रज्ञ आहेत, सैनिक आहेत, आमचा लाइनमन आहे. ज्यांनी सूर जपला त्यातलं कुणी नाही. त्यांना कुणी कळवलंही नसणार. चिडलेल्या मित्राचं चुकलं असेल ते कारणापुरतं. कुठेतरी त्याला टोचलं होतं, आणि मी मात्र जिल्ह्याचं नाव दुरुस्त करत बसलो. हे मी ग्रुपवर लिहिणार होतो. अजून लिहिलेलं नाही. तिथे सध्या मनपाच्या निवडणुकीवर चाललंय, आणि त्यावर मला मत नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी.

रविवारी नेहमीप्रमाणे अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची संध्याकाळ, माझी सकाळ. ऐंशी ओलांडली आहे, कान थोडे मंद झालेत, बाकी ठणठणीत. विचारलं, “अण्णा, कॉलनीच्या गणपतीतला तो तबकडीचा सिनेमा आठवतो का?”

“कुठला?”

“तो लाइनमनचा.”

“हां. फाटकात गाडी बंद पडते तो.” चेहरा उजळला. “त्याचं काय?”

“शेवट आठवतो?”

“गेला की वर. चार्ज न देता.”

“म्हणजे?”

“अरे, कामावर होता ना तो. लाइन गेली म्हणून रात्री निघाला, ते परस्पर गेलाच. ट्रक कुठे, हत्यारं कुठे, कुणाला काही सांगणं नाही. आमच्याकडे मेमो निघाला असता.”

मी हसलो. अण्णांनी हसण्यासारखं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “स्वयंपाकघरातली ट्यूब दोन दिवस लागत नाहीये.”

“स्टार्टर बघा.”

“बदलला. चोक गेलाय. वरच्या मजल्यावरचा पोरगा येतो म्हणालाय, बघू.”

“तुम्ही चढू नका स्टुलावर.”

“तुला तिथून दिसतं का मी चढलो ते?” म्हणत त्यांनी फोन फिरवला. पडद्यावर छत आलं, कोपऱ्यातलं जळमट आलं, काळी पडलेली ट्यूब आली, आणि खालून तिच्याकडे रोखलेलं त्यांचं बोट.