न्यू जर्सीत "पावसावर टॅक्स" नाहीये, तो मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

जरा जोराचा पाऊस झाला किंवा राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, स्टॉर्मवॉटरचं (पावसाच्या वाहून जाणाऱ्या पाण्याचं) एखादं विधेयक कमिटीसमोर आलं की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर तो मेसेज परत फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं की इथे आता पावसावर टॅक्स लावलाय, जितका पाऊस तितकं बिल, प्रत्येक घराला कंपल्सरी, पैसे जाणार राज्याच्या तिजोरीत, मेरीलँडच्या लोकांनी असाच टॅक्स लढून रद्द करून घेतला आणि आपले आमदार मात्र माणसं सोडून अस्वलं नि खेकड्यांसाठी कायदे करत बसलेत. यातलं एकेक घेऊन लिहितोय कारण आपल्यातलीच शिकलेली, कामाला वाघ असलेली माणसं हे तसंच्या तसं पुढे पाठवतात, मग टाऊनशिपच्या मीटिंगला उभं राहून तेच बोलतात, आणि जो प्रश्न विचारायला हवा होता तो राहूनच जातो.

"पावसावर टॅक्स, जितका पाऊस तितकं बिल"

नाही. कायद्याचं नाव क्लीन स्टॉर्मवॉटर अँड फ्लड रिडक्शन ॲक्ट, तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी 18 मार्च 2019 ला सही केली, सिनेटमध्ये विधेयक आणणाऱ्यांत पिस्कॅटवेचे बॉब स्मिथ होते. पावसाचं पाणी वाहून नेणारी सिस्टीम सांभाळण्यासाठी स्थानिक संस्थांना फी लावायची मुभा तो देतो, पण त्यात पाऊस मोजायची भानगडच नाही. वर्ष कोरडं गेलं काय नि धो धो पडला काय, फी तीच. कायदा एवढंच सांगतो की एखाद्या जागेवरून किती पाणी वाहून सिस्टीममध्ये येतं याचा योग्य अंदाज धरून त्या प्रमाणात फी लावा, आणि व्यवहारात हे मोजतात ते पाणी न मुरणाऱ्या जागेवरून, म्हणजे छप्पर, डांबर, काँक्रीट.

आता हा हिशोब घरी कागदावर करून बघा. 1,000 स्क्वेअर फूट छपरावर 1 इंच पाऊस पडला तर साधारण 620 गॅलन पाणी होतं. टर्नपाइक हायवेच्या एक्सिट 8ए च्या आसपास, क्रॅनबरी, साऊथ ब्रन्सविक, मनरो भागात जी वेअरहाऊसेस उभी राहिलीत त्यातलं एखादं 10 लाख स्क्वेअर फुटांचं धरा, तर त्याच एका इंचाला सव्वासहा लाख गॅलनच्या आसपास पाणी फक्त छपरावरून, ट्रेलर उभे करायचं डांबर अजून धरलेलंच नाही. हे शेत असताना यातलं बरंचसं जमिनीत जिरत होतं. आता ते पाइपातून, ओढ्यातून खाली येतं, आणि खाली राहतं कोण, तर आपण.

"प्रत्येक घराला कंपल्सरी"

हे तर सरळ खोटं आहे. कायदा काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), म्युनिसिपालिटीला आणि काही युटिलिटी ॲथॉरिटींना परवानगी देतो, सक्ती नाही. राज्यात 564 म्युनिसिपालिट्या आहेत आणि बहुतेकांनी यातलं काही सुरूच केलेलं नाहीये. आणि करायचं ठरवलं तरी टाऊनला ऑर्डिनन्स आणावा लागतो, तो जाहीर करावा लागतो, पब्लिक हिअरिंग घ्यावं लागतं, तिथे कोणीही जाऊन बोलू शकतो. शेतीखाली असलेली जी जमीन 1964 च्या फार्मलँड असेसमेंट कायद्याखाली येते तिला सूट आहे. ज्यांनी आपल्या जागेत पाणी मुरवायची सोय केलीये, रेन गार्डन म्हणा, डिटेन्शन बेसिन (पावसाचं पाणी थोडा वेळ धरून ठेवणारा खड्डा) नीट सांभाळणं म्हणा, त्यांना फीमध्ये क्रेडिट द्यायची तरतूद कायद्यातच आहे. मेसेजमध्ये क्रेडिटचा शब्द नाही, आणि आपल्यासारख्या एचओए मध्ये, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीत, राहणाऱ्यांसाठी तोच सगळ्यात कामाचा आहे, कारण कित्येक एचओए चं स्वतःचं बेसिन असतं आणि त्याचा मेंटेनन्स आपण आधीच भरतोय.

"आधी काही भरावं लागत नव्हतं, हा नवा भार"

यावर जरा थांबून लिहितो कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

पावसाचं पाणी वाहून नेणारे पाइप, रस्त्याकडेच्या जाळ्या, बेसिन, नाले, हे सांभाळणं आजही चालूच आहे आणि त्याला पैसा आजही लागतो. फेडरल क्लीन वॉटर ॲक्टमध्ये 1987 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून शहरांना पावसाच्या पाण्यासाठी परमिट लागायला लागलं. न्यू जर्सीत 1 जानेवारी 2023 पासून आधी बी टियरमध्ये असलेल्या छोट्या टाऊन्सनाही ए टियरचे कडक नियम लागू झाले. जाळ्या साफ करा, रस्ते झाडा, प्रत्येक पाइप कुठे जाऊन सुटतो त्याचा नकाशा करा, हे सगळं त्यात आलं. हा खर्च निघतो कुठून? टाऊनच्या बजेटमधून, म्हणजे मुख्यतः आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून, जो या राज्यात सरासरी वर्षाला 10,000 डॉलरच्या घरात आहे.

आणि प्रॉपर्टी टॅक्स लागतो किमतीवर, पाण्यावर नाही. एडिसनमधलं एखादं टाऊनहाऊस घ्या, शाळा चांगली, ट्रेन जवळ, म्हणून किंमत भारी, पण छप्पर एवढंसं. त्याच्यासमोर एखादी मोकळी डांबरी पार्किंग, किंमत त्या मानाने कमी, पाणी मात्र पूर्ण. आणि ज्या संस्थांना प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे, त्यांचे एकरच्या एकर पार्किंग लॉट असले तरी या खर्चात त्यांचा वाटा शून्य. एक एकर डांबरावर 1 इंच पाऊस म्हणजे 27,000 गॅलनच्या वर पाणी, आणि ते वाहून न्यायचा खर्च बाकीच्यांनी भरायचा. सोसायटीच्या पाण्याच्या बिलाला मीटर नसला की कसं दोन माणसांचं घर दहा माणसांच्या घराइतकंच भरतं, तसं आज चाललंय. फी म्हणजे तो मीटर.

म्हणून ज्याचं छोटं घर आहे त्याने हा मेसेज पुढे पाठवणं म्हणजे मोठ्या वेअरहाऊसवाल्याची वकिली फुकटात करणं आहे. हे मी रागाने नाही, मनापासून सांगतोय. अर्थात एक अट आहे आणि ती महत्त्वाची आहे. फी सुरू झाली तर बजेटमधला तो खर्च तिकडून कमी झाला पाहिजे, नाहीतर खरंच दोनदा भरणं होईल. ही भीती रास्त आहे.

"पैसे राज्य सरकार खाणार"

गोळा झालेल्या फीच्या 5 टक्के किंवा 50,000 डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच राज्याकडे जातं, तेही याच कामासाठी केलेल्या वेगळ्या फंडात. म्हणजे टाऊनने 20 लाख गोळा केले तर 5 टक्के होतात 1 लाख, पण जाणार 50,000 च. बाकीचे कशावर खर्चायचे त्याची यादी कायद्यात आहे, पाइप बदलणं, देखभाल, परमिटची कामं, कर्जफेड वगैरे.

"मेरीलँडने रद्द केला"

अर्धवट. मेरीलँडने 2012 च्या कायद्याने 9 मोठ्या काउंटी आणि बाल्टिमोर सिटी यांना फी लावणं सक्तीचं केलं होतं, कारण चेसापीक बेमध्ये जाणारा नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ कमी करायची मर्यादा ईपीएने (केंद्राच्या पर्यावरण खात्याने) 2010 ला ठरवून दिली होती. विरोध झाला, फ्रेडरिक काउंटीने तर प्रत्येक प्रॉपर्टीमागे 1 सेंट फी लावली, कॅरोलने लावलीच नाही, "रेन टॅक्स" हा शब्द 2014 च्या निवडणुकीत गाजला आणि त्याला विरोध करणारे लॅरी होगन गव्हर्नर म्हणून निवडून आले. मग 2015 ला सक्ती गेली. सक्ती गेली, फीवर बंदी नाही आली. बाल्टिमोर काउंटीने काढून टाकली, पण बाल्टिमोर सिटीत आणि माँटगमरी काउंटीत ती चालू राहिली, माँटगमरीत तर ती 2012 च्या कायद्याच्या आधीपासून होती. आणि प्रदूषण कमी करायची जबाबदारी कोणाचीच सुटली नाही, उलट पैसा कुठून आणणार हे राज्याला लेखी दाखवा असं 2015 च्या कायद्यानेच सांगितलं. न्यू जर्सीने 2019 ला मुळात सक्ती ठेवलीच नाही, त्यामुळे मेरीलँडचा दाखला इथे द्यायचाच झाला तर उलट्या बाजूने लागू पडतो.

आणि हे काही जगावेगळं नाही, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूने 1974 लाच अशी फी घेणारी युटिलिटी काढली होती. शेजारी फिलाडेल्फियात पाण्याच्या बिलातच हा आकार असतो.

"अस्वलं नि खेकड्यांसाठी कायदे"

अस्वलाला खाऊ घातलं तर 1,000 डॉलरपर्यंत दंड आहे, खरंय. पण तो माणसांच्या भल्यासाठीच आहे. अस्वलं आता राज्याच्या सगळ्या 21 काउंटींत दिसलीत आणि एकदा घरामागे खाणं मिळतं हे कळलं की अस्वल परत येतं, मग शेजाऱ्याच्या पोरांच्या अंगणात येतं.

खेकड्यांचं म्हणाल तर 2008 ला विधिमंडळाने हॉर्सशू क्रॅब पकडण्यावर बंदी घातली, कारण डेलावेअर बेच्या किनाऱ्यावर त्याची अंडी खाऊन रेड नॉट नावाचे पक्षी आर्क्टिककडे पुढचा प्रवास करतात आणि त्यांची संख्या कोसळली होती. आपल्यातले इतके जण इथे औषध कंपन्यांत आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको की इंजेक्शनमध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आहे का हे बघायची एलएएल टेस्ट याच प्राण्याच्या रक्तावर उभी राहिली. आणि पाणी वेगळं नि प्राणी वेगळे असं नसतंच. लॉनवरचं खत पावसाबरोबर वाहून तळ्यात जातं, तिथे शेवाळ माजतं. 2019 च्या उन्हाळ्यात राज्यातलं सगळ्यात मोठं तळं, लेक हॉपॅटकाँग, पोहायला बंद करावं लागलं ते असल्याच विषारी शेवाळामुळे, आणि तिथले बोटीवाले, हॉटेलवाले ऐन सीझनमध्ये हात चोळत बसले.

"फी भरून पूर थोडाच थांबणार"

हा मुद्दा मात्र अर्धा मान्य. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाच्या पावसाने न्यूअर्कला एका दिवसात 8 इंचांहून जास्त पाणी ओतलं, राज्यात 30 माणसं गेली, कितीतरी जण गाडीतच अडकून. मॅनव्हिलला रॅरिटन नदी घरांत शिरली. नदी अशी फुगली तर टाऊनचे पाइप कितीही मोठे करा, ते एकटे पुरणार नाहीत, आणि फीचे समर्थक तसं भासवत असतील तर तेही चूकच. पण त्या रात्री नदीपासून लांब असलेल्या घरांच्या बेसमेंटमध्येही पाणी आलं, ते जाळ्या नि पाइप पुरे न पडल्याने, आणि त्याच्यावर मात्र उपाय होतो. होबोकनचं नॉर्थवेस्ट पार्क बघून या, 2023 ला उघडलं, वर मुलं खेळतात आणि जागेची 20 लाख गॅलनपर्यंत पावसाचं पाणी धरून ठेवायची सोय आहे. राज्यात अजून 21 म्युनिसिपालिट्यांत सांडपाणी नि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं, जर्सी सिटी, पॅटरसन, पर्थ अंबॉय त्यातच, तिथे मोठा पाऊस म्हणजे मैल्याचं पाणी नदीत. हे काम फुकट होत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 नंतर ब्रिमस्टोवॅड या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या योजनेला केंद्राने 1,200 कोटी मंजूर केले ते पण शेवटी करदात्यांचेच.

तर तुमच्या टाऊनशिपमध्ये हा विषय आला तर "पावसावर टॅक्स नको" म्हणून परत येऊ नका. विचारा की दर कशावर ठरवलाय, छोट्या घराला वर्षाला किती आणि सगळ्यात मोठ्या 10 प्रॉपर्टींना किती, टॅक्स माफ असलेल्या संस्था भरणार का, आमच्या एचओए च्या बेसिनला क्रेडिट किती, पैसा वेगळ्या खात्यात राहणार का, आणि प्रॉपर्टी टॅक्समधून आज जो खर्च होतो तो बजेटमधून कमी केलेला कुठल्या ओळीत दिसेल. उत्तर लेखी मागा.