महिनाभर एका घरात राहून पोरं सुधारतात का?

आमच्या गल्लीत समोरच्या घरी काही उन्हाळ्यांपासून उत्तर आयर्लंडची पोरं राहायला येतात. इथे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये आमच्यासारखी बरीच मराठी घरं आहेत, पण 'अल्स्टर प्रोजेक्ट' हे नाव त्यांतल्या फार जणांना माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही ख्रिश्चनांचेच पंथ, तिकडे एकमेकांच्या जिवावर उठले होते त्या काळात, १९७५ साली, केरी वॉटरस्टोन नावाच्या आयरिश धर्मगुरूंच्या पुढाकाराने हे सुरू झालं. पहिली मुलं कनेक्टिकटमधल्या मँचेस्टर गावी आली. चौदा ते सोळा वयाची मुलंमुली, निम्मी या बाजूची, निम्मी त्या बाजूची. साधारण महिनाभर अमेरिकन कुटुंबांत राहायचं, त्यांच्याच वयाच्या मुलांबरोबर. बहुधा जुलैत. शाळांना सुट्टी तेव्हाच, आणि त्या दिवसांत पोरं गावाबाहेर असलेली बरीही. १२ जुलैला प्रोटेस्टंट लोक १६९० च्या बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजावर मिळालेला विजय साजरा करतात. आदल्या रात्री भल्यामोठ्या होळ्या, दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत मिरवणुका. मिरवणूक नेमक्या कुठल्या रस्त्याने न्यायची, यावरून तिथे वर्षानुवर्षं डोकी फुटली आहेत. (आपल्याकडच्या कुणाला याचं नवल वाटेल असं नाही.)

एकदा समोरच्यांच्या अंगणात जेवण होतं. मी बटाटेवडे घेऊन गेले होते. दोन पोरं एका ताटलीतल्या शेवटच्या वड्यावरून झोंबत होती. विचारलं तर कळलं, दोघं एकाच गावचे, घरं चालत दहा मिनिटांवर, रोज सकाळी एकाच बसने शाळेत जाणारे. पण एक बसमध्ये पुढे बसायचा आणि दुसरा मागे. गणवेशावरून शाळा कळते, शाळेवरून धर्म कळतो, मग कोण कुठे बसणार हे कुणी सांगावं लागत नाही. बोलणं म्हणून पहिल्यांदा झालं ते इथे, समुद्र ओलांडून आल्यावर. "आता परत गेल्यावर कुठे बसणार?" मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "मधे बसू." दुसरा काहीच बोलला नाही.

मला त्या न बोललेल्या पोराचं जास्त पटलं.

या योजनांवर दोन प्रकारची माणसं बोलतात. एक भाबडी: मुलं एकत्र नाचली, गळ्यात पडून रडली, झाली शांतता. दुसरी आमच्या घरातल्या काही मंडळींसारखी तिरकस: फुकटची अमेरिका वारी, दुसरं काय! दोघांनाही मुलांचं परत जाणं दिसत नाही. महिनाभराचा परिणाम खोटा नसतो. इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांसाठी १९९३ पासून अमेरिकेच्या मेन राज्यात 'सीड्स ऑफ पीस' या संस्थेचं उन्हाळी शिबिर भरू लागलं, तिथल्या मुलांचा संशोधकांनी शिबिरानंतरही पाठपुरावा केला. शिबिरात समोरच्या गटातला एक तरी खरा मित्र ज्याला मिळाला, त्याचं त्या गटाबद्दलचं चांगलं मत पुढेही जास्त टिकून राहिलं. मला हे अगदी खरं वाटतं. चर्चासत्रं घ्या, गोल करून बसा, 'माझं दुःख' सांगा, पण पोरं जवळ येतात ती भांडी विसळताना, बाथरूमच्या नंबरावरून भांडताना आणि पावसात अडकून कंटाळलेली असताना.

पण त्याच शिबिराचा विद्यार्थी होता आसेल आस्ले. इस्रायलचा अरब नागरिक, वय १७. ऑक्टोबर २००० मध्ये निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या गोळीने गेला. अंगात त्या शिबिराचाच हिरवा टीशर्ट होता. पोरगं बदललं म्हणून त्याच्या भोवतीचं काही बदललं नव्हतं.

म्हणून मला राग येतो तो मोठ्यांचा. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ साली शांतता करार झाला, बंदुका बऱ्याचशा थांबल्या. त्याआधीच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली होती. बेलफास्टमध्ये दोन्हीकडच्या वस्त्यांच्या मधल्या भिंती अजून उभ्या आहेत, काहींची फाटकं रात्री बंद होतात. २०२३ पर्यंत सगळ्या काढू, असं सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं. २०२३ आलं आणि गेलं. आणि शाळा! दोन्हीकडच्या मुलांना मुद्दाम एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये काही हट्टी आईबापांनी २८ मुलांवर काढली. आजही अशा शाळांत जाणारी मुलं शेकड्यात दहासुद्धा नाहीत. म्हणजे मुलांनी तीन हजार मैलांवर जाऊन दोस्ती करायची आणि सप्टेंबरमध्ये आपापल्या गणवेशात आपापल्या शाळेत जायचं. मोठ्यांना जे घरी करायला जमत नाही, ते पोरांकडून परदेशात करून घ्यायचं!

तरीही माझं पोर तिकडचं असतं तर मी पाठवलं असतं. त्या गप्प बसलेल्या पोराला आता बसमधल्या एका माणसाचं नाव तरी माहीत आहे. दंगलीच्या दिवशी तेवढंही पुष्कळ असतं.

आता आपल्याकडे या. 'सीड्स ऑफ पीस'ने २००१ पासून मुंबई आणि लाहोरची मुलंही एकत्र आणली. कौतुकच आहे. पण मालेगावात मोसम नदीच्या एका काठाला बहुतेक मुसलमान वस्ती, दुसऱ्या काठाला बहुतेक हिंदू. मधे पूल आहेत, व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही. अलीकडच्या मुलाने पलीकडच्या घरी आठवडाभर राहायचं, एवढीच योजना काढून बघा.

कुठे अडेल सांगू? जेवणात. आयर्लंडच्या पोरांना ही अडचणच नाही, दोन्हीकडे बटाटे तेच, सॉसेज तेच. आपली भिंत स्वयंपाकघरातून जाते. कोणाच्या हातचं, कोणत्या भांड्यातलं, ओट्यावर काय शिजलं. पुण्या-मुंबईत नुसतं आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारतात, तिथे आठवड्यासाठी मूल कोण ठेवून घेणार? साने गुरुजींनी 'आंतरभारती'चं स्वप्न पाहिलं, एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताच्या लोकांत मिसळावं म्हणून. प्रांतांचं पर्यटनामुळे का होईना थोडंफार जमलं. गल्ली ओलांडायचं राहिलं.

परवा फोनवर पुण्याच्या वहिनीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, माझी ना नाही, पण आईंचं काय? त्यांचं सोवळं." आई ऐंशीच्या आहेत. मी म्हटलं, त्यांनाच विचार. वहिनीने विचारलं. आई म्हणाल्या, "मुलगा असेल तर पोळ्या किती खातो ते आधी सांगा, मला आता फार लाटवत नाहीत."

वहिनी आता म्हणते, महिना नको, शनिवार-रविवार चालेल. मी म्हटलं चालेल. आता त्या बाजूचं एक घर शोधतेय, ज्यांना आमचा भाचा दोन दिवस सांभाळायची हिंमत आहे. पोरगं दोडकं खात नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.