काळं पाणी बघून भुलू नका

सोसायटीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. गच्चीवर पसरलेला गालिचा, गाडी धुवायचं प्रेशर मशीन, आणि खाली मजकूर: ‘प्रेशर जितकं जास्त तितकी घाण बाहेर. शाम्पू नको, दोन तासांत कोरडा.’

आधी प्रेशरचं बघू. गाडी धुवायच्या घरगुती मशीनवर बहुधा १०० ते १३० बार (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असतं. कार्पेट धुणाऱ्यांचं मशीन साधारण ७ ते ३५ बारवर चालतं, लोकरीला त्यातही कमी. कारण तिथे घाण काढायचं काम फवारा एकटा करत नाही. पाणी मारणाऱ्या तोंडालाच खेचणारी नळी असते, पाणी पडतं तसं मळासकट ओढलं जातं. नुसत्या जोराच्या फवाऱ्याने वरची धूळ वाहते आणि जड रेती धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते.

‘पण काळं पाणी निघालं ना!’ निघणारच. वर्षभर न झाडलेल्या गालिच्यावर बादलीभर पाणी ओता, तेही काळंच निघेल. आधी उन्हात नीट झोडपला असता तर त्यातलं अर्धं कोरडंच पडलं असतं.

‘भदोहीतही गालिचे पाण्यानेच धुतात’ असं एका काकांनी लिहिलं. बरोबर आहे, उत्तर प्रदेशातल्या त्या गालिच्यांच्या गावात भरपूर पाण्याने धुतात. पण तिथले नावाजलेले गालिचे हाताने गाठी मारलेले, आणि पाणी लाकडी फळीने रेटून बाहेर काढतात. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे कित्येक गालिचे टफ्टेड असतात: धागा कापडात टोचलेला आणि मागून लेटेक्सने, म्हणजे रबरी चिकाने चिकटवलेला. माझा तसाच होता. मुलुंडच्या आमच्या गच्चीवर हातभर अंतरावरून लाल नोझलने, म्हणजे शून्य अंशाच्या सरळ धारेने धुतला. मागचं कापड फुगलं, एका कोपऱ्यातले धागे मुठीत आले. बायकोने अजून माफ केलेलं नाही.

दोन तासांत कोरडा? व्हिडिओ गालिचा ओला असतानाच संपतो, हे बघा. मुंबईच्या जुलैत टॉवेल दोन दिवस ओला राहतो. आत पाणी घुसलेला जाड गालिचा तर कुबट वासच मारणार. मागे ताग असेल तर पिवळट-तपकिरी डागही वर येतात.

धुवायचाच असेल तर कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते आधी बघा. पावसाळा सरू द्या. दाराबाहेरचं प्लॅस्टिकचं पायपुसणं मात्र त्या मशीनने खुशाल धुवा.